स्वतंत्र संघाचा कसोटीचा हंगाम : नोटर डेम विद्यापीठ आणि २०२० चे वेळापत्रक

मार्च २०२० मध्ये महाविद्यालयांची दारे बंद झाली आणि जळगाव, धुळे व नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील क्रीडांगणे ओस पडली. कोरोनाच्या पहिल्या लाटेत जळगाव जिल्ह्यातील मृत्युदर हा साऱ्या राज्याच्या चिंतेचा विषय झाला होता. अशा काळात खेळाचा विचार कोणी उघडपणे बोलून दाखवत नव्हते. तरीही महाविद्यालयाच्या संघात निवड झालेल्या मुलामुलींच्या मनात एक प्रश्न होताच : यंदा स्पर्धा होणार की नाही?

त्याच उन्हाळ्यात अमेरिकेतील एका ख्यातनाम कॅथोलिक विद्यापीठापुढे हाच प्रश्न अधिक अवघड स्वरूपात उभा राहिला. त्या विद्यापीठाचा फुटबॉल संघ कोणत्याही क्रीडागटाचा सभासद नव्हता. स्वतःचे प्रतिस्पर्धी स्वतः निवडायचे, ही त्याची शतकाहून अधिक जुनी परंपरा. महामारीत एकेका प्रतिस्पर्ध्याने दार लावून घेतले, तेव्हा या संघाने काय केले, त्याची काय किंमत मोजली आणि त्यातून कोणते प्रश्न निर्माण झाले, याची माहिती आमच्या वाचकांसाठी येथे एकत्र देत आहोत. तो काळ मागे पडला असल्यामुळे आता या निर्णयांचा विचार शांतपणे करता येतो.

विद्यापीठाची ओळख

अमेरिकेच्या इंडियाना राज्यात साउथ बेंड या शहराजवळ नोटर डेम विद्यापीठ आहे. मूळ फ्रेंच उच्चार 'नोत्र दाम', म्हणजे 'आमची स्वामिनी', अर्थात पवित्र मरिया. होली क्रॉस संघाचे फ्रेंच धर्मगुरू फादर एडवर्ड सोरिन यांनी नोव्हेंबर १८४२ मध्ये, वयाच्या अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, या संस्थेचा पाया घातला. आजही विद्यापीठाचे अध्यक्षपद होली क्रॉस संघाच्या धर्मगुरूकडे असते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. अमेरिकेत ज्याला 'फुटबॉल' म्हणतात, तो आपल्या मैदानावर खेळला जाणारा फुटबॉल नव्हे. त्यातील चेंडू लंबगोल असतो, तो प्रामुख्याने हातात धरून पळवतात किंवा फेकतात, आणि खेळाडू शिरस्त्राण व खांद्यांची कवचे घालून एकमेकांना अंगाने अडवतात. प्रत्येक बाजूला अकरा खेळाडू असतात, एवढेच साम्य. महामारीच्या दृष्टीने या खेळाची अडचण उघड आहे. दोन्ही बाजूंचे खेळाडू दर डावाला एकमेकांच्या श्वासाच्या अंतरावर येतात आणि एका संघात शंभराच्या आसपास तरुण असतात.

नोटर डेमचा संघ आपला पहिला सामना १८८७ मध्ये खेळला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आयर्लंड, इटली, पोलंड येथून आलेल्या गरीब कॅथोलिक स्थलांतरितांना हा संघ आपला वाटू लागला. ज्यांनी विद्यापीठाची पायरी कधी पाहिली नव्हती, असे गिरणी कामगार व खाण कामगार शनिवारी त्याच्या विजयाची वार्ता ऐकण्यासाठी थांबत. प्रशिक्षक न्यूट रॉक्नी (१९१८ ते १९३०) यांच्या काळात ही ख्याती देशभर पसरली.

'स्वतंत्र संघ' म्हणजे काय?

अमेरिकेतील बहुतेक विद्यापीठे 'कॉन्फरन्स' नावाच्या क्रीडागटांत विभागलेली आहेत. गटाचा सभासद असलेल्या संघाचे बहुतेक सामने गटच ठरवून देतो. दूरचित्रवाणीच्या हक्कांचे उत्पन्न सभासदांत वाटले जाते आणि हंगामाच्या शेवटी गटाचा विजेता ठरतो.

नोटर डेमच्या फुटबॉल संघाने ही वाट धरली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी शेजारच्या प्रमुख गटाचे दार त्याच्यासाठी उघडले नाही. मग त्याने पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत प्रवास करून प्रतिस्पर्धी मिळवले. नाइलाजाने पत्करलेली ही स्थिती पुढे अभिमानाची खूण झाली. १९९१ पासून विद्यापीठाच्या घरच्या सामन्यांसाठी एनबीसी या वाहिनीशी स्वतंत्र करार आहे, आणि त्याचे उत्पन्न कोणाशी वाटून घ्यावे लागत नाही.

२०१३ मध्ये विद्यापीठाचे इतर बहुतेक खेळ 'अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स' (पुढे 'अटलांटिक गट') या गटात सामील झाले. फुटबॉल मात्र बाहेर राहिला. दरवर्षी सरासरी पाच सामने या गटातील संघांशी खेळायचे, एवढाच करार झाला. हा अर्धा संबंध पुढे किती मोलाचा ठरेल, याची तेव्हा कोणाला कल्पना नव्हती.

२०२० साठी ठरलेले सामने

स्वतंत्र संघाचे वेळापत्रक अनेक वर्षे आधी, एकेका विद्यापीठाशी पत्रव्यवहार करून तयार होते. २०२० साठी नोटर डेमने बारा सामने निश्चित केले होते. त्यांतील सहा अटलांटिक गटातील संघांशी होते : वेक फॉरेस्ट, पिट्सबर्ग, ड्यूक, क्लेम्सन, जॉर्जिया टेक आणि लुइव्हिल. उरलेले सहा बाहेरच्या संघांशी होते : नौदल अकादमी, आर्कान्सा, वेस्टर्न मिशिगन, विस्कॉन्सिन, स्टॅनफर्ड आणि सदर्न कॅलिफोर्निया.

या बाहेरच्या सहांपैकी दोन सामने केवळ खेळापुरते नव्हते. सदर्न कॅलिफोर्नियाशी चाललेली मालिका १९२६ पासूनची आहे आणि दुसऱ्या महायुद्धातील तीन वर्षे वगळता ती अखंड होती. नौदल अकादमीशी १९२७ पासून २०१९ पर्यंत एकाही वर्षी सामना चुकला नव्हता. त्यामागे एक ऋण आहे. महायुद्धाच्या काळात विद्यार्थी सैन्यात गेल्यामुळे विद्यापीठ आर्थिक अडचणीत आले, तेव्हा नौदलाने आपले प्रशिक्षण केंद्र तेथे आणून संस्थेला तगवले. त्या उपकाराची आठवण म्हणून, नौदलाची इच्छा असेल तोपर्यंत त्यांच्याशी सामना खेळायचा, अशी रीत विद्यापीठाने पाळली. २०२० चा सामना २९ ऑगस्ट रोजी आयर्लंडमधील डब्लिन येथे व्हायचा होता.

जून-जुलै : एकामागून एक दारे बंद

पहिला धक्का जूनमध्ये बसला. डब्लिनचा सामना रद्द करून तो अमेरिकेत ॲनापोलिस येथे, नौदल अकादमीच्या मैदानावर हलवण्यात आला.

९ जुलै रोजी 'बिग टेन' गटाने जाहीर केले की त्याचे संघ केवळ आपसांत खेळतील. त्यामागील कारण समजण्यासारखे होते. गटातील सर्व संघांना एकच चाचणीपद्धती लावता येते, प्रवास कमी होतो, आणि एखादा सामना पुढे ढकलावा लागला तर नवी तारीख गटातल्या गटात ठरवता येते. परंतु या निर्णयाने नोटर डेमचा विस्कॉन्सिनशी होणारा सामना गेला. दुसऱ्याच दिवशी, १० जुलै रोजी, 'पॅक-१२' गटाने तेच केले. स्टॅनफर्ड आणि सदर्न कॅलिफोर्निया हे दोन्ही सामने गेले. ३० जुलै रोजी 'साउथईस्टर्न' गटानेही तसाच निर्णय घेतल्याने आर्कान्सा गेला.

ज्या संघांना गट होता ते आपल्या घरात शिरले आणि त्यांनी दार लावून घेतले. ज्यांना गट नव्हता ते बाहेर उभे राहिले. त्या वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च महाविद्यालयीन श्रेणीत असे सात स्वतंत्र संघ होते.

अटलांटिक गटाचा आसरा आणि त्याच्या अटी

२९ जुलै २०२० रोजी अटलांटिक गटाने आपली योजना जाहीर केली. नोटर डेम त्या एका हंगामासाठी गटात पूर्ण सभासदाप्रमाणे खेळेल, त्यामुळे एकूण संघ पंधरा होतील, असे ठरले. प्रत्येक संघ गटातील दहा सामने आणि बाहेरचा फक्त एक सामना खेळेल. पहिले दोन संघ अजिंक्यपदाचा सामना खेळतील आणि नोटर डेमही त्याला पात्र असेल. या बदल्यात एनबीसीकडून मिळणारे नोटर डेमचे उत्पन्नही त्या वर्षी सर्व पंधरा संघांत समान वाटले जाईल.

ही अट लक्षात घेण्याजोगी आहे. ज्या कराराच्या बळावर विद्यापीठ स्वतंत्र राहू शकले होते, तोच त्याने आसऱ्यासाठी सामाईक केला. गटालाही एक नामांकित संघ आणि अधिक उत्पन्न मिळाले. दोन्ही बाजूंना लाभ असलेला हा व्यवहार होता. मात्र सात वर्षांचा पूर्वसंबंध नसता, तर तो काही आठवड्यांत जमून आला असता का, याविषयी आम्हाला शंका आहे.

नव्या यादीत आधीच ठरलेले गटातील सहाही संघ राहिले. बॉस्टन कॉलेज, फ्लोरिडा स्टेट, नॉर्थ कॅरोलिना आणि सिराक्यूज हे चार नव्याने आले. बाहेरच्या एकमेव जागेसाठी वेस्टर्न मिशिगनचा विचार होता, पण ८ ऑगस्ट रोजी त्या संघाच्या 'मिड-अमेरिकन' गटाने शरद ऋतूतील हंगामच थांबवला. अखेर ती जागा साउथ फ्लोरिडाला मिळाली. नौदल अकादमीच्या सामन्याला नव्या चौकटीत जागा उरली नाही. त्र्याण्णव वर्षांची अखंड साखळी तुटली.

हंगाम जसा घडला

ठरलेले आणि प्रत्यक्षात घडलेले यांत किती अंतर पडले, हे पुढील नोंदींवरून दिसते.

१२ सप्टेंबर : ड्यूकवर २७-१३ असा विजय.

१९ सप्टेंबर : साउथ फ्लोरिडावर ५२-० असा विजय.

२६ सप्टेंबर : वेक फॉरेस्टशी सामना होऊ शकला नाही. नोटर डेमच्या संघातच संसर्ग पसरला. १३ खेळाडू विलगीकरणात आणि आणखी १० जण संपर्कामुळे वेगळे ठेवले होते. सामना १२ डिसेंबरवर ढकलण्यात आला.

१० ते ३१ ऑक्टोबर : फ्लोरिडा स्टेट (४२-२६), लुइव्हिल (१२-७), पिट्सबर्ग (४५-३) आणि जॉर्जिया टेक (३१-१३) यांच्यावर विजय.

७ नोव्हेंबर : देशात अव्वल क्रमांकावर असलेल्या क्लेम्सनवर दोन जादा डावांनंतर ४७-४० असा विजय.

१४ नोव्हेंबर ते ५ डिसेंबर : बॉस्टन कॉलेज (४५-३१), नॉर्थ कॅरोलिना (३१-१७) आणि सिराक्यूज (४५-२१) यांच्यावर विजय.

१२ डिसेंबर : वेक फॉरेस्टचा पुढे ढकललेला सामना रद्द. अजिंक्यपदाच्या सामन्यासाठी संघ निरोगी राहावेत म्हणून गटाने १ डिसेंबर रोजीच हा निर्णय घेतला होता.

१९ डिसेंबर : शार्लट येथे गटाच्या अजिंक्यपदासाठी क्लेम्सनकडून १०-३४ असा पराभव.

१ जानेवारी २०२१ : राष्ट्रीय उपांत्य सामन्यात अलाबामाकडून १४-३१ असा पराभव.

सप्टेंबरमधील संसर्ग कसा पसरला, याविषयी तत्कालीन प्रशिक्षक ब्रायन केली यांनी दिलेली माहिती बोधप्रद आहे. तोपर्यंत खेळाडू एकदाही एकत्र बसून जेवले नव्हते. सामन्याच्या दिवशी, नित्याच्या रीतीप्रमाणे, ते सामन्यापूर्वीच्या भोजनाला एकत्र बसले आणि संसर्ग तेथून पसरला. मैदानावर अंगाला अंग भिडत असताना जे टळले होते, ते जेवणाच्या टेबलावर घडले.

अखेरच्या सामन्याची जागाही बदलावी लागली. हा 'रोझ बोल' सामना परंपरेने कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथे होतो. तेथील निर्बंधांमुळे खेळाडूंच्या आईवडिलांनाही प्रवेश मिळणार नव्हता. पालकांना येऊ देणार नसाल तर आपला संघ खेळेलच असे नाही, असा इशारा केली यांनी दिला होता. शेवटी सामना टेक्सासमधील आर्लिंग्टन येथे हलवण्यात आला.

इतर स्वतंत्र संघांचे काय झाले?

ज्यांना असा आसरा मिळाला नाही, त्यांची स्थिती पाहिल्यावर या प्रश्नाचे खरे स्वरूप ध्यानात येते.

कनेटिकट विद्यापीठाने १ जुलै २०२० रोजी आपला जुना गट सोडला आणि त्याचा फुटबॉल संघ स्वतंत्र झाला. पाचच आठवड्यांत, ५ ऑगस्ट रोजी, सर्वोच्च श्रेणीत हंगाम रद्द करणारा तो पहिला संघ ठरला. मॅसॅच्युसेट्सच्या संघाने आधी हंगाम थांबवला, नंतर निर्णय फिरवला आणि कसेबसे चार सामने खेळून चारही गमावले. न्यू मेक्सिको स्टेटचा संघ शरद ऋतूत खेळलाच नाही. २०२१ च्या आरंभी त्याला जेमतेम दोन सामने मिळाले.

युटा राज्यातील ब्रिगहॅम यंग विद्यापीठ हे मॉर्मन पंथीयांचे. त्याच्या वेळापत्रकातील मोठ्या गटांचे सामने गेल्यावर त्याने जो संघ मोकळा सापडेल त्याच्याशी करार करण्याचा सपाटा लावला. डिसेंबरच्या आरंभी कोस्टल कॅरोलिनाचा ठरलेला प्रतिस्पर्धी लिबर्टी हा संघ संसर्गामुळे माघारी फिरला. तेव्हा गुरुवारी बोलणी पक्की झाली, आणि शनिवार, ५ डिसेंबर रोजी, ब्रिगहॅम यंगचा संघ देशाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन खेळला. हा सामना त्याने १७-२२ असा गमावला. संपूर्ण हंगामातील त्याचा हा एकमेव पराभव होता.

वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमीच्या संघाने नऊ विजय मिळवले. तरीही ज्या समारोपाच्या सामन्यासाठी तो पात्र होता, तेथे प्रतिस्पर्धी न मिळाल्याने तो सामनाच रद्द झाला. पुढे दुसऱ्या एका संघाने संसर्गामुळे माघार घेतली, म्हणून त्याला ३१ डिसेंबरचा सामना मिळाला.

सातही संघ नावाला स्वतंत्र होते. पण ज्याच्याकडे जुने संबंध व साधने होती तो तरला, ज्याच्याकडे चपळाई होती त्याने निभावून नेले, आणि ज्याच्याकडे यांपैकी काहीच नव्हते त्याला घरी बसावे लागले.

खेळावे की न खेळावे : विवेकाचा प्रश्न

वेळापत्रकाची अडचण ही केवळ तारखांची अडचण नव्हती. विद्यार्थ्यांना धोक्यात घालून सामने खेळवणे योग्य आहे का, हा प्रश्न तिच्यामागे उभा होता. त्या काळी अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळाडूंना शिष्यवृत्तीपलीकडे मानधन मिळत नव्हते, आणि त्यांच्या खेळातून मिळणारे दूरचित्रवाणीचे उत्पन्न मात्र फार मोठे होते. त्यामुळे हा प्रश्न अधिकच टोकदार झाला होता.

तत्कालीन अध्यक्ष फादर जॉन जेन्किन्स यांनी मे २०२० मध्ये एका प्रमुख अमेरिकन दैनिकात लेख लिहून विद्यापीठ पुन्हा उघडण्याचे समर्थन केले. असा निर्णय केवळ विज्ञानाच्या आधारे घेता येत नाही. कोणत्या मूल्यासाठी किती धोका पत्करावा, हा नैतिक प्रश्न आहे आणि तरुणांच्या शिक्षणाचे मूल्य धोका पत्करण्याइतके मोठे आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. १० ऑगस्ट रोजी वर्ग सुरू झाले. १८ ऑगस्टपर्यंत १४७ जणांना संसर्ग झाल्याचे निष्पन्न झाले आणि वर्ग दोन आठवडे ऑनलाइन घ्यावे लागले.

पुढे सप्टेंबरअखेर वॉशिंग्टन येथे न्यायमूर्तिपदाच्या एका नामनिर्देशन समारंभात फादर जेन्किन्स मुखपट्टीविना उपस्थित राहिले. त्याबद्दल त्यांनी विद्यापीठ समुदायापुढे खेद व्यक्त केला. काही दिवसांतच त्यांना स्वतःला संसर्ग झाल्याचे जाहीर झाले. विद्यार्थ्यांनी त्यांच्यावर कठोर टीका केली. ७ नोव्हेंबरच्या विजयानंतर चित्र उलटे झाले. सत्त्याहत्तर हजारांवर प्रेक्षक बसू शकतील अशा क्रीडागारात त्या रात्री केवळ ११,०११ जणांना प्रवेश होता. पण सामना संपताच विद्यार्थी हजारोंच्या संख्येने मैदानात उतरले. दुसऱ्याच दिवशी अध्यक्षांनी पत्र काढून सुटीपूर्वी सर्व विद्यार्थ्यांना चाचणी अनिवार्य केली.

या प्रसंगांत आम्हाला कोणा एकाचा दोष दाखवायचा नाही. नियम करणारा आणि नियम पाळणारा, दोघेही माणसेच होती. एक गोष्ट मात्र नोंदवली पाहिजे. अमेरिकेच्या राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने त्या वर्षी खेळाडूंच्या बाजूने दोन निर्णय घेतले. संसर्गाच्या भीतीने जो खेळणार नाही त्याची शिष्यवृत्ती काढून घेता येणार नाही, हा पहिला. २०२० चा हंगाम खेळाडूच्या पात्रतेच्या वर्षांत मोजला जाणार नाही, हा दुसरा. 'नको' म्हणण्याचा अधिकार मिळाल्यावरच 'खेळतो' या शब्दाला अर्थ येतो.

शंभर वर्षांपूर्वीचा अनुभव

नोटर डेमसाठी हा प्रसंग अगदीच नवा नव्हता. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत, न्यूट रॉक्नी यांच्या प्रशिक्षकपदाच्या पहिल्याच वर्षी, संघ २८ सप्टेंबरला एक सामना खेळला आणि संपूर्ण ऑक्टोबर महिना त्याला सामना मिळाला नाही. नोव्हेंबरमध्ये उरलेले पाच सामने उरकून हंगाम संपला : तीन विजय, एक पराभव, दोन बरोबरी. आपल्याकडे ती साथ खेळाच्या नोंदींपेक्षा मृत्यूच्या नोंदींत अधिक सापडते. भारतात तिने एक कोटीहून अधिक बळी घेतले, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

आपल्याकडील चित्र

आपल्या व्यवस्थेत कोणतेही महाविद्यालय त्या अर्थाने 'स्वतंत्र' नाही. खान्देशातील महाविद्यालयाचा संघ प्रथम कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत खेळतो. तेथून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. तो भारतीय विद्यापीठ संघाच्या विभागीय स्पर्धेत आणि पुढे अखिल भारतीय स्पर्धेत उतरतो. या शिडीच्या प्रत्येक पायरीला यजमान लागतो. एक पायरी निघाली की वरच्या सर्व निरुपयोगी होतात.

२०२०-२१ मध्ये नेमके हेच घडले. महाराष्ट्रातील महाविद्यालये फेब्रुवारी २०२१ मध्ये अंशतः उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये परत सुरू झाली. या काळात आंतरविद्यापीठ स्पर्धांचे नेहमीचे चक्र थांबले. पहिल्या 'खेलो इंडिया' विद्यापीठ क्रीडास्पर्धा टाळेबंदीपूर्वी काही दिवस, २२ फेब्रुवारी ते १ मार्च २०२० या काळात, भुवनेश्वर येथे पार पडल्या. दुसऱ्या स्पर्धांसाठी एप्रिल २०२२ उजाडावा लागला. त्या बंगळूरु येथे झाल्या. राज्यांच्या संघांसाठी असलेल्या संतोष करंडकाची एप्रिल २०२० मध्ये ऐझॉल येथे योजलेली अंतिम फेरी झालीच नाही. ही स्पर्धा पुन्हा पूर्ण झाली ती मे २०२२ मध्ये, केरळमधील मंजेरी येथे.

याच काळात शेजारच्या गोव्याने दुसरा मार्ग दाखवला. इंडियन सुपर लीगचा २०२०-२१ चा संपूर्ण हंगाम गोव्यातील तीन मैदानांवर, प्रेक्षकांविना खेळवण्यात आला : मडगावजवळील फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचे टिळक मैदान. अकरा संघ हॉटेलांत बाहेरच्या जगापासून वेगळे राहिले, वारंवार चाचण्या झाल्या, आणि २० नोव्हेंबर २०२० ते १३ मार्च २०२१ या काळात ११५ सामने पार पडले. अंतिम सामन्यात मुंबई सिटीने एटीके मोहन बागानला २-१ असे हरवले. पुढील वर्षीही स्पर्धा गोव्यातच झाली, पण जानेवारी २०२२ मध्ये संघांच्या निवासातच संसर्ग शिरला आणि अनेक सामने पुढे ढकलावे लागले.

गोव्याचा उपाय व्यावसायिक संघांना परवडला. वसतिगृहात राहणाऱ्या, वर्गात बसणाऱ्या आणि सुटीत अमळनेर, शिरपूर किंवा साक्रीला घरी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना चार महिने हॉटेलात ठेवता येत नाही. म्हणून आपल्याकडे विद्यार्थ्यांचा खेळ थांबला आणि व्यावसायिकांचा चालला. विद्यार्थी सुरक्षित राहिले, हे समाधान मोठे आहे. तथापि पदवीच्या अखेरच्या वर्षात असलेल्या ज्या खेळाडूंची ती शेवटची संधी होती, त्यांचे नुकसान कोणत्याही गुणतक्त्यात दिसत नाही, हेही विसरता कामा नये.

संयोजकांसाठी काही सूचना

आपल्या धर्मग्रामांत, शाळांत आणि युवक मंडळांत लहानमोठ्या स्पर्धा होत असतात. वरील अनुभवातून त्यांच्या संयोजकांना काही गोष्टी घेता येतील. पहिली, शेजारच्या संघांशी संबंध सुखाच्या काळात जोडावेत, कारण संकटात अनोळखी माणसाला तारीख मिळत नाही. दुसरी, वेळापत्रकात एक-दोन दिवस मोकळे ठेवावेत. तिसरी, साथीच्या दिवसांत मैदानाइतकीच काळजी भोजन, प्रवास आणि विजयोत्सव यांची घ्यावी. चौथी, जो खेळाडू वा ज्याचे पालक नकार देतील, त्याची संघातील जागा पुढील वर्षासाठी राखून ठेवावी.

पुढे काय झाले?

२०२१ मध्ये नोटर डेमचा फुटबॉल संघ पुन्हा स्वतंत्र झाला. अटलांटिक गटाने त्याला कायमचे सभासदत्व घेण्यास भाग पाडले नाही, आणि विद्यापीठानेही जुना पाच सामन्यांचा करार चालू ठेवला. सदर्न कॅलिफोर्निया आणि नौदल अकादमी यांच्याशी सामने त्याच वर्षी पुन्हा सुरू झाले.

डब्लिनचा राहिलेला प्रवासही घडला. २६ ऑगस्ट २०२३ रोजी, मूळ तारखेनंतर जवळजवळ तीन वर्षांनी, नोटर डेम आणि नौदल अकादमी यांचे संघ डब्लिनच्या मैदानावर समोरासमोर आले. नोटर डेमने हा सामना ४२-३ असा जिंकला. २०२० मध्ये त्या सामन्यासाठी निवडलेल्या खेळाडूंपैकी बहुतेक जण तोवर पदवी घेऊन विद्यापीठातून बाहेर पडले होते.